तासभर तळ्यावर

४ डिसेंबर

सूनबाई,

ही हाक मारायचा हक्क मला आता उरलेला नाही हे कळतं. पण नुसतं तुझं नाव लिहून पाहिलं, तर शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटलं. तेव्हा जुनीच हाक राहू दे. नको वाटली तर खोडून टाक आणि पुढचं वाच.

कारण साधं आहे. वर्षअखेरच्या सुट्टीत आमच्याकडे एक दिवस मोठं जेवण असतं, तुला माहीतच आहे. तू होतीस तेव्हा तो दिवस तुझा असायचा. तू गेल्यावर मी चारदोन वर्षं ओढलं, मग हे गेले आणि आम्ही बाहेरून डबे मागवायला लागलो. यंदा मुंगी म्हणाली, घरी करू. नुसतं म्हणाली नाही, तर कागदावर यादी करून तो फ्रिजला चिकटवला. त्यात पहिलाच पदार्थ आहे दुधातले बटाटे. चकत्यांचे थर लावून तू ओव्हनमध्ये भाजायचीस ते. तिने ते शेवटचे खाल्ले तेव्हा ती चार वर्षांची होती. मला वाटत होतं, विसरली असेल.

मी दोनदा करून पाहिले. पहिल्यांदा दूध फाटलं, दुसऱ्यांदा बटाटे कच्चेच राहिले. माझा मुलगा गुपचूप खातो, तो काही म्हणत नाही. मुंगी म्हणाली, "आजी, हे ते नाहीत."

तेवढी कृती पाठवशील का? बाकी काही लिहायला हवं असं नाही.

मुंगी बरी आहे. गेल्या महिन्यात सोळा पूर्ण झाली. तू फोन केला होतास तेव्हा ती दोन मिनिटांत बोलून उठली, ते मी पाहिलं. तिच्या मनात तसं काही नसतं. या वयात मुलं अशीच असतात.

आता मला कमी ऐकू येतं, कानात यंत्र घालते. म्हणून फोन न करता लिहिते आहे.

मुंगीची आजी

१३ डिसेंबर

सूनबाई,

कृती मिळाली. पाकीट उघडल्यावर आधी छापील कागद दिसला, "कवळी वरची, रंग क्रमांक, दात किती", आणि मी घाबरलेच की तू मला दात पाठवतेस की काय. मग उलटून पाहिलं, तर मागे कृती. अजून त्याच कामात आहेस हे बघून बरं वाटलं. तू लोकांचे दात घडवायचीस आणि मी इस्पितळाच्या शिवणखोलीत रोग्यांचे अंगरखे शिवायची, आणि आपल्या दोघींना कधी कुणी त्यासाठी धन्यवाद दिले नाहीत, असं हे म्हणायचे. आठवतं?

अकरा ओळींच्या कृतीत वर नमस्कार नाही, खाली सही नाही. ते योग्यच आहे. पण दूध आधी कोमट करायचं आणि चकत्या धुवायच्या नाहीत, हे तू ठळक लिहिलंस. मी दोन्ही उलटं करत होते. या खेपेला जमले. मुंगीने दोनदा वाढून घेतले. ती जेवताना बोलली नाही, यावरून काय ते समज.

आता खरं सांगते, बटाटे हे निम्मंच कारण होतं.

मुंगीला शाळेत एक वही करायची आहे, घरच्यांबरोबर केलेल्या एका प्रवासाची. आपण केलेला मोठा प्रवास एकच, उत्तरेचा. म्हणून मी कपाटातला फोटोंचा डबा काढून दिला. दोन दिवस ती जमिनीवर पालथी पडून फोटो लावत होती. तो नऊ तासांचा रस्ता, घाट संपल्यावर एकदम समोर आलेलं तळं, जून महिन्यातही डोंगरावर राहिलेला बर्फ, सूचिपर्णी झाडांमध्ये ते लाकडी घर. ह्यांनी ते घर मुद्दाम घेतलं होतं, स्वयंपाकघर असलेलं. हॉटेलात राहायचं मीच नको म्हटलं. बाहेरचं खाऊन पोटं बिघडतात, त्यापेक्षा घरचं बरं, असं मी म्हणाले होते. घरचं कोण करणार हे मी बोलले नाही आणि कुणी विचारलंही नाही.

संध्याकाळी मुंगी डबा घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "यात दोनशे अकरा फोटो आहेत. आई तिनात आहे."

मी म्हटलं, फोटो तीच काढत असेल. तर तिने मला एकेक दाखवायला सुरुवात केली. बहुतेक फोटोंच्या कोपऱ्यात ह्यांचं बोट आलेलं आहे. अंगठ्याशेजारचं ते जाड बोट कुणीही ओळखेल. मग मी म्हटलं, आईला फोटोची आवड नव्हती. तिने ते तीन फोटो वेगळे काढले. एकात तू पोळपाटासारख्या त्या फळीवर कांदे चिरते आहेस. दुसऱ्यात हातात सांडशी आहे. तिसऱ्यात पाठमोरी आहेस आणि खिडकीतून बाहेर बघते आहेस. खिडकीत तळ्याची निळी पट्टी दिसते, बोटभर.

"ती तळ्यावर गेलीच नव्हती का?" मुंगीने विचारलं.

मी म्हटलं, एकदा गेली होती.

तिने डाव्या हाताची बाही खाली ओढली. तेव्हापासून ती वही तशीच पडली आहे.

म्हणून वाटलं, तुला लिहावं. त्या दिवशी जे झालं ते झालं, कुणी मुद्दाम केलं नाही. तू मला सांगून गेलीस असं तुला वाटलं, आणि मला नीट ऐकू आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी कुणी कुणाला दोष द्यायचा? सुट्टीत मुंगीला तुझ्याकडे यावंसं वाटलं तर मी आडवी येणार नाही, एवढं कळवायचं होतं.

मुंगीची आजी

२१ डिसेंबर

सूनबाई,

माझंच पत्र परत आलं. आधी वाटलं पत्ता चुकला. मग दिसलं की तू ते उघडलंस, वाचलंस, आणि एका ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढून परत पाठवलंस. "मला नीट ऐकू आलं नव्हतं." दुसरं एक अक्षर नाही.

चार दिवस ते पत्र मी शिवणाच्या टोपलीत ठेवलं होतं. दोरा काढताना दर वेळी दिसायचं. आज सकाळी मुलगा कामावर आणि मुंगी शाळेत गेल्यावर जेवणाचं टेबल मोकळं केलं आणि लिहायला बसले. जे झालं ते तुला माहीत आहे. पण ते माझ्या अक्षरात तुझ्याजवळ असायला हवं.

सुट्टीचा सातवा दिवस होता. हे आणि मुलगा धबधबा बघायला गेले होते. मुंगी जेवून झोपली होती. चार वाजत आले होते. तू बटाटे तळायला तेल ठेवलंस आणि हात पुसत म्हणालीस, "आई, परवा निघायचं आणि मी अजून त्या पाण्यात पायसुद्धा घातला नाही."

तू तक्रार केली नाहीस. हसत म्हणालीस. मला तुझी दया आली, हेही खरं आहे. मी म्हटलं, "जा, तासभर तळ्यावर जाऊन ये. मी आहे ना, तेलाकडे मी बघते."

तू विचारलंस, "नक्की?"

मी म्हटलं, "जा म्हटलं ना."

हे सगळं मला ऐकू आलं होतं. माझे कान तेव्हा अगदी शाबूत होते. शिवणखोलीत वीस यंत्रांच्या खडखडाटात कुणाची सुई मोडली ते मला बसल्या जागी कळायचं.

तू गेलीस. मी दोन मिनिटं शेगडीपाशी उभी राहिले. मग शेजारच्या घरातल्या बाई कुंपणापाशी आल्या, त्याही सुट्टीवर आलेल्या. मी बाहेर गेले. काय बोलत होते सांगू? माझी सून किती छान स्वयंपाक करते, सात दिवसांत एकदाही तोंड वाकडं केलं नाही, असं कौतुक करत होते तुझं. ते कौतुक चालू असताना मुंगी उठली, तुला शोधत स्वयंपाकघरात गेली आणि तिने कढईचा दांडा ओढला.

मी तिचा हात नळाखाली धरला, तेवढं बरोबर केलं. तोच हे आणि मुलगा परत आले. मुलाने विचारलं, "ही कुठे आहे?" मी म्हटलं, "तळ्यावर गेलीय." तेवढंच. खोटं नव्हतं ते, पण त्यापुढे एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मी बोलले नाही.

तू आलीस तेव्हा तुझे पाय ओले होते आणि चपला हातात होत्या. तू मुंगीकडे धावलीस, मुलगा तुझ्यावर ओरडत होता, आणि त्यातच एकदा तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मी आता बोलेन म्हणून थांबलीस. मी टॉवेल शोधत होते. टॉवेल माझ्या खांद्यावरच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शेगडीपाशी कोण होतं. मुलगा म्हणाला, हिची आई तेल तापत ठेवून निघून गेली. तू म्हणालीस, "मी आईंना सांगून गेले होते." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला ऐकू आलं नसेल."

का म्हटलं, याचा मी बारा वर्षं विचार केला आहे. मुलगा माझ्यावर कधी ओरडला नव्हता, आणि त्या दिवशी त्याचा चेहरा बघून मला त्याची भीती वाटली. एवढंच सापडतं. वाटलं होतं, आज निभावून नेऊ, उद्या तो शांत झाला की सांगू. तो उद्या आला तेव्हा तू त्याच्याशी बोलत नव्हतीस. महिन्याने तू माहेरी गेलीस. मग वकील आले, आणि त्यांनी टाइप करून आणलेल्या कागदावर मी सही केली, की सुनेने घराबाहेर जाताना मला काहीही सांगितले नव्हते. "ऐकू आलं नसेल" त्यात राहिलं नव्हतं. मी वाचून सही केली. त्या कागदावर मुंगी आमच्याकडे राहिली.

सुरुवातीला तू दर पंधरा दिवसांनी यायचीस. मग मुंगी शाळेत जायला लागली, तिला कुणीतरी विचारलं हाताला काय झालं, आणि तिने मला विचारलं. मी म्हटलं, आई बाहेर गेली होती तेव्हा झालं. पुढच्या रविवारी ती तुझ्याबरोबर बागेत जायला तयार झाली नाही. पलंगाखाली जाऊन बसली. तू दारात उभी होतीस आणि मी तुला म्हणाले, लहान आहे, येईल हळूहळू.

मी तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी काही टाकायचं नाही मला. मी मुंगीला आणि मुलाला सांगणार आहे. हे लिहून ठेवते म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

मुंगीची आजी

२८ डिसेंबर

सूनबाई,

सांगितलं.

ठरवलं होतं की जेवण होऊ दे, मग दोघांना समोर बसवून बोलू. तशी वाक्यंही पाठ केली होती. पण परवा सकाळी मुंगी माझ्यासमोर बटाटे सोलत बसली होती. बाहेर ढग होते, म्हणून दिवा लावला होता. ती म्हणाली, "मी वहीत काय लिहू सांग ना. आई स्वयंपाक करायची आणि एक दिवस कंटाळून निघून गेली, असं लिहू?"

मी म्हटलं, "ती कंटाळून गेली नव्हती. मी तिला पाठवलं होतं. तेल मी बघते म्हटलं होतं, आणि बघितलं नाही."

तिने सोलणं थांबवलं नाही. हातातला बटाटा पूर्ण सोलला, पाण्यात टाकला, सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, पुन्हा सांग. मी सगळं पुन्हा सांगितलं, कुंपणाजवळच्या बाईंसकट, सहीच्या कागदासकट. मध्ये कधीतरी मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. त्याने किती ऐकलं माहीत नाही, पण पुरेसं ऐकलं.

मुंगी म्हणाली, "मग आई भांडली का नाही?"

मी म्हटलं, "भांडली. आम्ही तिघं होतो आणि ती एकटी होती."

ती उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मुलगा खुर्ची ओढून बसला. मला वाटलं, आता ओरडेल. बारा वर्षं ज्या ओरडण्याला भ्याले ते आता ऐकायची तयारी केली. पण तो ओरडला नाही. टोपातल्या पाण्यात बोट घालून ते ढवळत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं, आई."

मी म्हटलं, काय माहीत होतं.

म्हणाला, "अगदी माहीत नाही. पण ती तशी निघून जाणारी नव्हती, एवढं मला कळत होतं. मी विचारलं नाही. तिच्यावर चिडायला मला काहीतरी हवंच होतं, ते मिळालं."

तेव्हा मला ह्यांची आठवण आली. शेवटच्या आजारात एकदा मी त्यांचं अंथरूण बदलत होते, तेव्हा ते सहज बोलावं तसं म्हणाले होते, "तुझे कान मला ठाऊक आहेत." मी चादरीचं टोक खोचत राहिले. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. म्हणजे बघ, घरातल्या प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं आणि कुणीच पूर्ण उचललं नाही. सगळा भार तुझ्यावर राहिला.

त्या दिवशी आमच्याकडे जेवण झालं नाही. सोललेले बटाटे पाण्यातच राहिले. दुपारी मुंगी बाहेर आली. डोळे सुजले होते. बाही कोपरापर्यंत वर केलेली होती, तशी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. माझ्याकडे न बघता बापाला म्हणाली, "मला आईशी बोलायचंय. तुम्ही दोघं बाहेर जा."

आम्ही दोघं कोट घालून रस्त्याच्या टोकाला बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसलो. दोन बस गेल्या. दोन्ही चालकांनी आम्ही चढतोय का म्हणून थांबून पाहिलं, आणि मुलाने दोघांना हात हलवून नाही म्हटलं. दीड तासाने घरी आलो, तर फोन अजून चालू होता.

तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही. शेवटी तिने फोन माझ्यापुढे धरला. यंत्रात तुझा आवाज स्पष्ट आला. तुला म्हणायचं होतं ते तू म्हणालीस, "मला तुमची माफी नको. तुम्ही हे तिच्यासमोर बोललात, तेवढं मी घेते." मी "बरं" म्हटलं.  

मुंगीची आजी

२ जानेवारी

सूनबाई,

मुंगी परवा सकाळच्या गाडीने निघते आहे. बाप तिला तुझ्या स्टेशनपर्यंत घेऊन येईल आणि तिथूनच परत फिरेल. तू म्हणालीस तर चहाला थांबेल, नाही म्हणालीस तर नाही. सुट्टी संपल्यावर तिने इकडे यायचं की तिकडच्या शाळेत नाव घालायचं, हे तुम्ही दोघी ठरवा. इथल्या शाळेचे कागद मुलाने काढून पाकिटात ठेवले आहेत, लागले तर असावेत म्हणून.

मी वकिलांकडे जाऊन आले. त्यांनी सांगितलं की त्या जुन्या कागदाचं आता काही होत नाही, मुलगी एवढी मोठी झाल्यावर कोर्ट कशाला बघेल. तरी मी खरं काय ते लिहून सही केली. एक प्रत पाकिटात आहे.

मुंगी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की घेते, पण माझ्या समोरची खुर्ची सोडून बापाशेजारी बसते. बोलावं अशी माझी अपेक्षा नाही. कधी बोलली तर तिची ती बोलेल. तू तिला माझ्यासाठी समजावू नकोस. समजूतदारपणा तुझ्याकडून आम्ही पुष्कळ घेतला.

आता थोडं तिच्याबद्दल. काल तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, तेव्हा तू तिला चार वर्षांची असल्यासारखं विचारत होतीस, अजून साखर खातेस का वगैरे, आणि तिला हसू आलं ते मी ऐकलं. मधली बारा वर्षं माझ्याकडे आहेत. ती तुला देते. सगळी कागदावर मावणार नाहीत.

तिला अंडं आवडत नाही, पण केकमधलं चालतं. सकाळी उठल्यावर अर्धा तास तिच्याशी बोलायचं नाही. रागावली की मोजे काढून कोपऱ्यात फेकते. तेव्हा कारण विचारायचं नाही, नुसतं जवळ बसायचं, मग आपणच सांगते. गणितात कच्ची आहे असं ती म्हणते, पण ते खरं नाही, तिला चुकायला आवडत नाही म्हणून ती करतच नाही. पोहायला शिकली नाही. शाळेने नेलं होतं, काठावर बसून राहिली. हात उघडा पडतो म्हणून. हे तिने मला कधी सांगितलं नाही, मी ओळखलं, आणि ओळखून गप्प बसले.

दहाव्या वर्षी तिने एकदा तुला पत्र लिहिलं होतं. पाठवलं नाही. ते मी फेकलं नाही आणि वाचलंही नाही. तिच्या हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून खिसा शिवून टाकला आहे, हे तिला आज सांगितलं. द्यायचं की नाही ते ती ठरवेल.

आणि एक. ती क्वचित आजारी पडते, पण पडली की ताप चढतो. अंगात ताप असला की ती अजून "आई" अशीच हाक मारते, एवढी मोठी झाली तरी. पहिल्या वर्षी मला वाटलं, सवय आहे, जाईल. गेली नाही. मी पलंगापाशी जायचे, कपाळावर ओली पट्टी ठेवायचे आणि ओ द्यायचे. तीही शांत व्हायची.

इतकी वर्षं त्या हाकेला मी ओ देत आले. ती मला मारलेली नव्हती.

मुंगीची आजी